पदवीच्या प्रकल्पासाठी छोटं अनुदान कसं मागावं

विषय ठरलाय, गाइड मिळालेत, फॉर्म हातात आहे, असं धरूनच लिहितो. सांगली-साताऱ्याच्या कॉलेजांतली मुलं दरवर्षी प्रस्ताव दाखवायला येतात. प्रस्तावना चार पानांची असते आणि अंदाजपत्रक चार ओळींचं. छोट्या अनुदानाचा निकाल त्या चार ओळींवर लागतो.

पैसे कुठे मागायचे? आधी आपल्याच कॉलेजच्या संशोधन समितीकडे, मग विद्यापीठाकडे. कॉलेजला डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) स्टार कॉलेज योजना मिळाली असेल तर विभागप्रमुखांना थेट विचारा, ती योजना पदवीच्या विज्ञान शिक्षणासाठीच आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठीची केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती असेल तर वर्षाच्या ८०,००० रुपयांपैकी २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पाशी जोडलेले असतात. एमबीबीएस-बीडीएसवाल्यांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) दोन महिन्यांची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप आहे. ‘आविष्कार’ ही विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांची संशोधन स्पर्धा आहे. तिथे काम मांडायचं, त्या कामाचा खर्च आधी दुसरीकडून उभा करायचा.

अर्ज दुसऱ्या वर्षालाच करा. कासच्या फुलांवर काम करायचं तर हंगाम साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर. मंजुरी नोव्हेंबरात आली की पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागतं आणि तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी तोवर कॉलेजातून बाहेर पडलेला असतो. पठारावर काम म्हणजे वनखात्याची परवानगीही आली. तिचं पत्र अनुदानाच्या अर्जाबरोबरच टाका.

शीर्षक, उद्दिष्टं, पूर्वीच्या कामाचा आढावा: दीड पानात संपवा. उद्दिष्टं दोन, फार तर तीन.

आता अंदाजपत्रक. हा टप्पा मलाही बरीच वर्षं जड गेला, कारण तो नीट समजावून सांगणारं कुणी भेटत नाही. जो तो एकच सल्ला देतो: ‘मर्यादा असेल तेवढे मागा, ते कापूनच देतात.’ हा सल्ला ऐकू नका. फुगवलेला आकडा समितीला पहिल्या नजरेत कळतो, आणि मग सरसकट कात्री लागते. ती तुमच्या कामाच्या नेमक्या कुठल्या भागावर पडेल, ते तुमच्या हातात राहत नाही.

सुरुवात रुपयांनी करू नका, नमुन्यांच्या संख्येने करा. समजा, वाळवा आणि मिरज तालुक्यांतल्या नदीकाठच्या क्षारपड जमिनीवर काम आहे आणि प्रश्न असा आहे की पावसाळ्याआधी आणि नंतर मातीतले क्षार किती बदलतात. तीन गावं, प्रत्येक गावात पाच शेतं, प्रत्येक शेतात दोन थर: ०-३० आणि ३०-६० सेंटिमीटर. झाले ३० नमुने. दोन वेळा घ्यायचे, म्हणजे ६०. सामू (पीएच) आणि विद्युत वाहकता कॉलेजच्या मीटरवर मोजता येते, त्याला पैसे मागू नका. सोडियमसाठी फ्लेम फोटोमीटर लागतो. तो कॉलेजात नसेल तर बाहेरच्या प्रयोगशाळेचं कोटेशन आणा. दर नमुन्याला १५० रुपये निघाला तर ९,०००. दहापैकी एक नमुना पुन्हा तपासायचा म्हणून आणखी ९००. मग प्रवास: कुठून कुठे, किती फेऱ्या, एसटी की दुचाकी. प्रत्येक ओळीसमोर हा गुणाकार दिसलाच पाहिजे. ‘रसायने व इतर – ५,०००’ ही ओळ जिथे दिसेल तिथे समितीतला माणूस पेन उचलतो, आणि ते बरोबरच आहे.

पद्धतही त्याच नेमकेपणाने लिहा. विद्युत वाहकतेची ४ डेसिसायमन प्रति मीटर ही क्षारयुक्त जमिनीची रूढ मर्यादा संपृक्त मातीच्या (पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीच्या) अर्काची आहे. तुम्ही माती-पाणी १:२.५ ढवळून मोजणार असाल तर तो आकडा तसाच लावता येत नाही. मोजण्याची पद्धत चुकीची दिसली की परीक्षकाचा त्या मोजमापावरच्या खर्चावरचाही विश्वास उडतो.

मोठं उपकरण मागू नका. छोट्या अनुदानात पीएच मीटर मागणारे प्रस्ताव मी पडलेले पाहिलेत, आणि परीक्षकांचा प्रश्न दर वेळी तोच: ‘हे तुमच्या विभागात नाही का?’ नसेल तर शेजारच्या कॉलेजचं वापरायला मिळेल असं पत्र जोडा. अशा पत्राला पैसे पडत नाहीत आणि प्रस्तावाला वजन येतं.

कोटेशन घेताना जीएसटी, वाहतूक आणि दराची मुदत लिहून घ्या. एका पुरवठादाराने आमच्या विद्यार्थिनीला फोनवर एक दर सांगितला आणि बिलात कर व वाहतूक वेगळी लावली. मंजूर रकमेत निम्म्या बाटल्या बसेनात. दर कागदावर, सही-शिक्क्यानिशी.

शेवटी हे एक वाक्य घालाच, फार कमी जण घालतात: रक्कम कमी मिळाली तर काय वगळाल. वरच्या उदाहरणात एक गाव वगळा, पण पावसाळ्यानंतरची फेरी वगळू नका. ती गेली तर प्रश्नच उरत नाही. हे तुम्ही आधी लिहिलंत तर कात्री तुमच्या मर्जीने चालते.

गाइडची आणि प्राचार्यांची सही शेवटच्या दिवशी मागायला जाऊ नका.

मंजुरीपत्र आल्यावर कॉलेजच्या अकाउंटंटना भेटा, खरेदीच्या आधी. बिल कुणाच्या नावावर हवं, किती रकमेच्या वर तीन कोटेशनं लागतात, पैसे आगाऊ मिळतात की आधी स्वतः खर्च करायचा, हे तिन्ही विचारून घ्या. मंजुरीच्या तारखेआधीचं बिल सहसा चालत नाही. एका हेडचे (मंजूर खर्चाच्या एका प्रकाराचे) पैसे दुसऱ्यावर खर्च करायचे असतील तर आधी लेखी परवानगी घ्या. प्रवासाची तिकिटं त्याच दिवशी कागदावर चिकटवून मागे गावाचं नाव लिहा. उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) भरताना शिल्लक रक्कम राहिली तर ती परत करायची असते. पावती घ्या आणि अहवालाला जोडा.