वनस्पतींच्या अर्कांची तपासणी: या चुका टाळा

पदव्युत्तर प्रकल्पांचे अहवाल तपासताना मी निष्कर्षाआधी वनस्पती कोठून आणि कशी मिळवली याची नोंद वाचतो, कारण पुढे कितीही महागडे यंत्र वापरले तरी निस्तरता न येणारी चूक बहुधा तेथेच झालेली असते. अशोकाचीच साल घ्या. स्त्रीरोगांवरील औषधांत वापरतात तो सीता अशोक, म्हणजे सराका असोका. त्याच्या जुन्या फांद्यांवर केशरी-शेंदरी फुलांचे घोस लगडतात. महाविद्यालयाच्या कुंपणालगत उंच, सरळ वाढलेला आणि लाटदार कडांची पाने खाली सोडलेला जो ‘अशोक’ असतो, तो पॉलिअल्थिया लाँगिफोलिया. गंमत म्हणजे नावात सीता असलेला शेंगांच्या कुळातला आहे आणि सीताफळाच्या कुळातला आहे तो हा दुसरा. दोघांच्या सालींतील रसायने वेगळी असल्यामुळे कुंपणावरच्या झाडाची साल सोलून आणली, तर संपूर्ण प्रबंध भलत्याच झाडाविषयी होतो. पाने-फुलांसह नमुना दाबून सुकवावा, पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात किंवा आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी त्याची ओळख पटवून घ्यावी आणि मिळालेला नमुना क्रमांक अहवालात द्यावा. त्यासोबत ठिकाण, महिना आणि वनस्पतीचा भाग हेही लिहावे.

सुकवणे आणि अर्क काढणे ही कामे यांत्रिक समजली जातात, पण तसे नाही. तुळशीची पाने गरम ओव्हनमध्ये वाळवली की युजेनॉलसारखी सुगंधी द्रव्ये बरीचशी उडून जातात; अडुळशातील व्हॅसिसीनचे ऑक्सिडीकरण होऊन व्हॅसिसिनोन तयार होते, त्यामुळे ताजा आणि जुना अर्क एकच मानता येत नाही. सॉक्सलेटमध्ये, म्हणजे गरम द्रावक पुन्हापुन्हा फिरवून अर्क काढणाऱ्या काचेच्या उपकरणात, अर्क तासन्‌तास उकळत राहतो, हेही ध्यानात ठेवावे. चीनमध्ये शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटाला 1971 साली मलेरियावरील आर्टेमिसिनिन या द्रव्याने युक्त प्रभावी अर्क मिळाला तो कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरल्यावर, कारण आधीच्या पद्धतींतील उष्णतेने गुण नाहीसा होत होता. या कामासाठी त्यांना 2015 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

घटकांच्या यादीबाबत मात्र मी जरा कठोर आहे. अर्क जीसी-एमएसमध्ये, म्हणजे मिश्रणातील घटक वाफेच्या रूपात वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रात, घालायचा, संगणकाने सुचवलेली चाळीस नावे तक्त्यात उतरवायची आणि प्रत्येकापुढे ‘जंतुनाशक’, ‘कर्करोगरोधी’ असे लिहायचे, ही पद्धत सर्रास दिसते. हे यंत्र वाफ होऊ शकणारी संयुगेच पाहते. टॅनिन (तुरट द्रव्ये) आणि बहुतेक ग्लायकोसाइड (साखरेशी जोडलेली संयुगे) त्याला दिसतच नाहीत. त्यातच यादीत डाय-एथिल थॅलेटसारखे (प्लास्टिक मऊ करणाऱ्या द्रव्याचे) नाव आले, तर ते बहुधा प्लास्टिकच्या बाटलीतून किंवा नळीतून आलेले असते, आणि सिलोक्सेन (सिलिकॉनयुक्त संयुग) सहसा यंत्रातील घटक वेगळे करणाऱ्या नळीतून, म्हणजे स्तंभातूनच, झिरपलेले असते. अर्काविना केवळ द्रावक त्याच बाटलीत ठेवून एक कोरी फेरी घेतली, तर हे पाहुणे चटकन ओळखू येतात.

रंगावर आधारलेल्या चाचण्यांत अर्काचा स्वतःचा रंग घात करतो. ऑक्सिडीकरण रोखण्याची ताकद पाहण्यासाठी डीपीपीएच या रसायनाचा जांभळा रंग किती उतरला हे 517 नॅनोमीटरवर मोजतात, पण कोकमाच्या अर्कातील लाल अँथोसायनिन त्याच्या आसपासच प्रकाश शोषतात, त्यामुळे रंग उतरूनही आकडा वर राहतो आणि कोकम निष्प्रभ ठरते. अर्क आणि मिथेनॉल असलेली, पण डीपीपीएच नसलेली दुसरी क्युव्हेट (मापनाची छोटी पारदर्शक नळी) मोजून तिचा आकडा वजा करावा. आवळ्याची अडचण उलट असते: फिनॉल मोजण्यासाठी वापरला जाणारा फोलिन अभिकर्मक ‘क’ जीवनसत्त्वाशीही अभिक्रिया करतो, म्हणून ‘एकूण फिनॉल’ फुगून दिसतात. मधुमेहविरोधी म्हणून अल्फा-अमायलेज (पिष्टमय पदार्थ पचवणारे एन्झाइम) रोखण्याची चाचणी करताना टॅनिन एन्झाइमच्या प्रथिनालाच चिकटतात. टॅनिन काढून चाचणी पुन्हा करावी आणि परिणाम गेला, तर तो टॅनिनचाच होता असे समजून हुरळून जाऊ नये.

जीवाणूंच्या चाचणीत जीवाणू वाढवलेल्या अगारच्या (जेलीसारख्या माध्यमाच्या) थाळीत भोक पाडून अर्क ओतायचा आणि भोवतालचे वर्तुळ मोजायचे, ही पद्धत सोपी असली तरी वर्तुळाचा आकार ताकदीइतकाच पदार्थ अगारमध्ये किती पसरतो यावरही ठरतो. हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्याने त्याचे वर्तुळ लहान राहते. अर्क मिथेनॉलमध्ये असताना निव्वळ मिथेनॉलचे भोक शेजारी नसेल, तर दिसणारे वर्तुळ कोणाचे हेही सांगता येत नाही. त्याऐवजी द्रव माध्यमात टप्प्याटप्प्याने विरल करत जाऊन वाढ रोखणारी किमान मात्रा काढावी आणि अर्क विरघळवण्यासाठी वापरलेल्या डीएमएसओ या द्रावकाची मात्रा सर्व नळ्यांत सारखी ठेवून केवळ डीएमएसओची नळीही लावावी. कच्च्या अर्काला यासाठी मिलिलीटरमागे 5 मिलिग्रॅम लागत असतील, तर अहवालात ‘प्रभावी’ हा शब्द लिहू नये.