'पैसे काढा' म्हणून ओरडण्याआधी क्लबचा हिशोब कसा वाचायचा

फुटबॉलची ट्रान्सफर विंडो (खेळाडू घ्यायची-विकायची मुदत) बंद व्हायला तीन तास उरलेत, आपल्याकडे धड स्ट्रायकर नाही आणि आपण दर दोन मिनिटांनी रिफ्रेश मारत मालकाच्या नावाने शंख करतोय. मी पण त्यातलाच. कित्येक वर्षं माझा सगळा अभ्यास म्हणजे समोरच्या क्लबांनी किती ओतले आणि आपल्यांनी किती, बास. मग एका वादात सपशेल तोंडावर पडलो आणि त्या रागातच क्लबचे अकाउंट्स उघडून बसलो, तेव्हा कळलं की बघायची गोष्ट भलतीच आहे: पुढचा एक सीझन फसला तर क्लबला तो झेपेल का?

लीड्स या इंग्लिश क्लबचं उदाहरण सगळे देतात पण नीट कोणी बघत नाही. 2001 मध्ये चॅम्पियन्स लीगची (युरोपातल्या बड्या क्लबांची स्पर्धा) सेमीफायनल खेळलेली टीम. पुढच्या कित्येक वर्षांच्या तिकीटविक्रीवर 6 कोटी पाउंड कर्ज काढलेलं. ऋण काढून सण म्हणतात तो हाच. आता गंमत बघा, त्यानंतर ते काही वाईट खेळले नाहीत, 2002 ला पाचवे आले, पण चॅम्पियन्स लीगमध्ये जागा पहिल्या चारांनाच आणि सगळं गणित तिथले पैसे येणार या भरवशावर मांडलेलं. ते आले नाहीत. त्याच उन्हाळ्यात त्यांचा मोठा खेळाडू रिओ फर्डिनंड विकला गेला, मग एकेक करून बाकीचे, 2004 ला टीम प्रीमियर लीगमधून (इंग्लंडची सगळ्यात वरची डिव्हिजन) खाली आणि 2007 ला तिसऱ्या डिव्हिजनमध्ये. म्हणजे पाचवा नंबर आला म्हणून क्लब कोसळला!

तर बघायचं कसं. इंग्लंडमधले क्लब असतील तर काम सोपं आहे, कंपनीज हाउसच्या (तिथलं सरकारी कंपनी नोंदणी कार्यालय) साइटवर क्लबच्या कंपनीचं नाव टाकायचं, फाइलिंग हिस्टरीत सगळ्या पीडीएफ फुकट पडलेल्या असतात. चेअरमनचं गोडगोड मनोगत सोडून द्या, आकडे मागच्या नोट्समध्ये असतात. आधी स्टाफ कॉस्टची नोट शोधा आणि तो आकडा एकूण उत्पन्नाशी ताडून बघा. 100 रुपये कमाईतले 60-65 पगारात जात असतील तर ठीक, 80 च्या वर गेलं की माझ्या कपाळाला आठ्या, आणि 100 च्या वर असेल तर कोणीतरी खिशातून घालतंय, मग तो कोण आणि किती दिवस घालणार हे विचारायचं. युएफाने (युरोपियन फुटबॉलची संघटना) आपल्या स्पर्धांसाठी पगार, ट्रान्सफरचा वार्षिक खर्च आणि एजंटचे पैसे मिळून 70 टक्क्यांची मर्यादा घातलीय, तिथपर्यंत ते टप्प्याटप्प्याने आले, आधी 90 मग 80.

ट्रान्सफरच्या हिशोबात आपली पब्लिक हमखास गंडते, म्हणून हे एकदा कागदावर करून बघा. खेळाडू 5 कोटी पाउंडला घेतला, करार 5 वर्षांचा. हिशोबात दरवर्षी 1 कोटी धरतात, याला अमॉर्टायझेशन म्हणतात. आठवड्याला 1 लाख पगार म्हणजे वर्षाला 52 लाख, पाच वर्षांत 2 कोटी 60 लाख. म्हणजे '5 कोटीचा' खेळाडू प्रत्यक्षात साडेसात कोटीच्या पुढे गेला, एजंट आणि बोनस वेगळेच. आता तीन वर्षांनी तो फ्लॉप म्हणून अडीच कोटीला विकला. वहीत त्याचे 2 कोटीच उरलेले, त्यामुळे कागदावर 50 लाख फायदा दिसणार! विकत घेताना मोजलेल्या पैशातले अडीच कोटी गेले ते गेलेच. आणि अकॅडमीतला पोरगा विकला तर वहीत त्याची किंमत शून्य, आलेला पैसा सगळा फायद्यात. म्हणून तर घरचीच पोरं आधी बाजारात दिसतात, आणि मला या सगळ्या नियमांचा सगळ्यात जास्त राग याच गोष्टीसाठी येतो. चेल्सीने एन्झो फर्नांडिसला साडेआठ वर्षांचा करार दिला तोही वार्षिक आकडा छोटा दिसावा म्हणून, त्यानंतर युएफाने हिशोबासाठी जास्तीत जास्त 5 वर्षं धरायची असं ठरवलं आणि प्रीमियर लीगनेही तेच केलं.

कर्ज म्हटलं की लगेच घाबरायचं नाही, कशासाठी काढलंय ते बघा. आर्सेनलचं एमिरेट्स स्टेडियम 2006 ला उघडलं, खर्च 39 कोटी पाउंडच्या घरात. त्यापायी फाब्रेगास गेला, नासरी गेला, व्हॅन पर्सी तर थेट मँचेस्टर युनायटेडला (हे अजून पचलेलं नाही), 2005 नंतर ट्रॉफी आली ती 2014 ला. पण तेवढी सगळी वर्षं टीम पहिल्या चारात होती आणि कर्जाच्या बदल्यात उभं राहिलेलं स्टेडियम दर मॅचला पैसे देतंय. पगारासाठी काढलेलं कर्ज असं काहीच मागे ठेवत नाही. कंपनीज हाउसवर 'चार्जेस' म्हणून एक टॅब असतो, तिथे क्लबने काय काय गहाण टाकलंय ते दिसतं. अजून न आलेले टीव्हीचे पैसे तिथे दिसले तर मी सावध होतो. आणि 'गोइंग कन्सर्न' हा परिच्छेद वाचाच, त्यात 'मटेरियल अनसर्टन्टी' हे शब्द आले म्हणजे साध्या भाषेत, वर्षभर दुकान चालेल याची खात्री नाही.

स्टेडियम नक्की कोणाच्या नावावर आहे तेही बघून ठेवा. डर्बी काउंटी क्लबने आपलं स्टेडियम आपल्याच मालकाच्या कंपनीला विकून आकडे सावरले, तरी 2021-22 ला शेवटी दिवाळखोरी आणि हिशोबातल्या दुसऱ्या गडबडीपायी 21 पॉइंट कापले गेले आणि टीम खाली गेली.

नियम पाळले म्हणजे क्लब सुरक्षित असंही नाही हं. प्रीमियर लीगने तीन वर्षांत साडेदहा कोटी पाउंड तोट्याची मर्यादा घातली होती, म्हणजे तोटा करायला तिथेही परवानगीच. एव्हर्टनचे त्यापायी 10 पॉइंट कापले, अपिलात 6 झाले, मग आणखी 2 गेले, नॉटिंगहॅम फॉरेस्टचे 4. दोघंही त्या सीझनला वाचले. पॉइंट कापल्याची शिक्षा बोर्डाला कमी आणि स्टँडमधल्या माणसाला जास्त लागते असं माझं मत.

आता उलटी बाजू, कारण हिशोब वाचायला लागलं की माणूस उगाच कंजूष होतो. काटकसरी मालक माइक ॲशलीच्या काळात न्यूकॅसल काही कर्जात बुडून मेलं नाही, पण 2009 आणि 2016 असं दोनदा खाली गेलं. काटकसर करूनही सीझन फसतोच आणि खाली गेल्यावर टीव्हीचा पैसा जो आटतो तो एका बऱ्या स्ट्रायकरच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यामुळे पगाराचं प्रमाण आटोक्यात आहे, कर्ज लांबच्या मुदतीचं आहे, शिल्लक आहे आणि टीम तळाला लोळतेय, असं असेल तर बिनधास्त ओरडा, तुमच्या हातात आकडा आहे. तसं नसेल तर मग मालकाने खिशातले घातले ते शेअर म्हणून की कर्ज म्हणून हे विचारा, कर्ज असेल तर तो जाताना परत मागू शकतो.

आणि एवढं करूनही मन तयार होत नसेल तर स्वतःला पोर्ट्समथच्या फॅन्सच्या जागी ठेवून बघा. 2008 ला एफए कप जिंकला, दोन वर्षांत दिवाळं, 2013 पर्यंत चौथ्या डिव्हिजनमध्ये. तेव्हा फॅन्सनी प्रत्येकी 1000 पाउंडचे शेअर घेऊन क्लब वाचवला, जुनी देणी फेडली, 2017 ला लीग टू (म्हणजे तीच चौथी डिव्हिजन) जिंकली. त्याच वर्षी एका अमेरिकन अब्जाधीशाने पैसे घालायची तयारी दाखवली. स्वतःच्या घामाचा क्लब, वर जायचं तर पैसा हवा, स्टेडियमही दुरुस्तीला आलेलं. मतदान झालं आणि त्यांनी विकायच्या बाजूने कौल दिला. लीग वन (तिसरी डिव्हिजन) जिंकायला त्यानंतर सात वर्षं गेली.