ख्रिस्तजन्माच्या देखाव्याचा अर्थ कसा लावावा

नाताळात इंदुरातल्या चर्चमध्ये गव्हाणीचा देखावा पाहायला जायचे असेल, तर त्याआधी एखाद्या संध्याकाळी घरी बसून मूळ कथा मराठी बायबलमधून वाचून घ्यावी. अनंत चतुर्दशीच्या झांक्या पाहण्याची सवय झालेली आपली नजर एरवी रोषणाईवरच रेंगाळते आणि कथा मागे राहते.

येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलमधील चार पुस्तकांपैकी, म्हणजे शुभवर्तमानांपैकी, मत्तय आणि लूक या दोहोंतच जन्मकथा आहे, आणि दोघांनी ती वेगवेगळी सांगितली आहे. त्यामुळे लूकचा दुसरा अध्याय विसाव्या ओवीपर्यंत एका दिवशी आणि मत्तयचे पहिले दोन अध्याय दुसऱ्या दिवशी, असे वाचन ठेवावे. लूकमध्ये मेंढपाळ आहेत, बाळाच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक नाहीत. मत्तयात गव्हाणी नाही, ज्ञानी लोक एका घरात येतात आणि ते तीन होते असेही तिथे म्हटलेले नाही.

लूक वाचताना गव्हाणीचा उल्लेख तीनदा येतो, तिथे प्रत्येक वेळी थांबावे. तारणारा जन्मला आहे, हे देवदूत रात्री राखणीला बसलेल्या मेंढपाळांना सांगतो आणि खूण देतो ती बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत निजवलेल्या बाळाची. म्हणजे त्या बाळाचे उणेपण हीच त्याची ओळख ठरते. पुढे चोविसाव्या ओवीत बाळाची आई मरीया आणि तिचा पती योसेफ मंदिरात पक्ष्यांच्या जोडीचे अर्पण करतात. ज्यांना कोकरू परवडत नसे, त्यांच्यासाठी नियमशास्त्राने दिलेली ही सवलत होती. हा तपशील कोणत्याही देखाव्यात दिसत नाही, पण माझ्या मते त्याच्याशिवाय कथेचा आध्यात्मिक अर्थ अपुराच राहतो.

मत्तयच्या आरंभीची येशूची वंशावळ कंटाळवाणी वाटली तरी गाळू नये. मरीयेखेरीज तिच्यात तामार, राहाब, रूथ आणि उरियाची पत्नी अशा चार स्त्रिया येतात आणि त्यांतली रूथ तर परक्या मवाबची. मात्र सर्वांत जास्त वेळ द्यावा तो दुसऱ्या अध्यायातील शास्त्र्यांना. ख्रिस्त कुठे जन्मणार, असे हेरोद राजा विचारतो तेव्हा ते मीखा संदेष्ट्याचा आधार देऊन बेथलेहेम हे अचूक उत्तर देतात. इंदूरच्या राजवाड्याहून राऊ जितके दूर आहे, त्यापेक्षाही यरुशलेमपासून बेथलेहेम जवळ. तरीही त्यांच्यापैकी कोणी तिकडे गेल्याचे मत्तय सांगत नाही. चालत जातात ते दूर पूर्वेकडून आलेले परके लोक. ग्रंथ जाणणे आणि त्याच्यामागे उठून जाणे यांतले हे अंतर वाचकाने स्वतःला लावून पाहावे. श्रद्धा कोणत्याही धर्माची असो, हा प्रश्न टळत नाही.

आता देखाव्याकडे वळावे. इंदूर धर्मप्रांताचे कॅथेड्रल असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावाचे आहे. याच संताने १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो येथे गवताने भरलेली गव्हाणी, जिवंत बैल आणि गाढव आणवून नाताळ साजरा केला होता. हे दोन प्राणी शुभवर्तमानांतल्या जन्मकथेत नाहीत. त्यांची जोडी आठवण करून देते ती बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायाची, जिथे बैल आपल्या धन्याला आणि गाढव मालकाच्या गव्हाणीला ओळखते, पण देवाची प्रजा त्याला ओळखत नाही. मत्तयच्या शास्त्र्यांनंतर ही ओवी वाचली, म्हणजे ते दोन मुके प्राणी देखाव्यात शोभेपुरते उरत नाहीत.

घरी देखावा मांडायचा असल्यास २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत गव्हाणी रिकामी ठेवावी. ज्ञानी लोकांच्या मूर्ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला मांडून रोज थोड्या पुढे सरकवाव्यात, म्हणजे ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणाला त्या बाळापाशी पोहोचतील. मूर्ती आवरण्यापूर्वी मत्तयच्या दुसऱ्या अध्यायातील तेराव्या ते अठराव्या ओव्या मोठ्याने वाचाव्यात. त्यांत हेरोद बेथलेहेमातील दोन वर्षांपर्यंतची मुले मारतो आणि त्याआधीच योसेफ बाळ व मरीयेला घेऊन रातोरात मिसराची (इजिप्तची) वाट धरतो. घरात लहान मुले असली तरी हा भाग वगळू नये, सौम्य शब्दांत सांगावा.