भूजलात पेट्रोल झिरपलं? तपासणी आणि सफाईतल्या या चुका टाळा

बेंझिन, म्हणजे पेट्रोलमधला विषारी घटक, 'आढळलं नाही' असा अहवाल हातात पडला की पेट्रोल पंपमालकाचा जीव भांड्यात पडतो. मी मात्र आधी विचारतो, तपासणीच्या बोअरच्या पाइपला भोकं कुठपासून पाडली आहेत? पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते पाण्याच्या पातळीवर तरंगतं. भोकं पातळीच्या चार-पाच मीटर खाली सुरू होत असतील तर तरंगता थर बोअरमध्ये येणारच नाही. मे महिन्यातली सर्वांत खालची आणि पावसाळ्यातली सर्वांत वरची पातळी, दोन्ही भोकांच्या टप्प्यात हव्यात.

नमुना घेताना तर हमखास घोळ होतो. बेंझिन उडून जातं, त्यामुळे मिनरल वॉटरच्या बाटलीत अर्धवट भरलेला नमुना फुकट. ४० मिलीची काचेची कुपी काठोकाठ भरा, उलटी करून बुडबुडा नाही ना ते बघा. सामू (पीएच) २ च्या खाली जाईल इतकं हायड्रोक्लोरिक आम्ल घाला, बर्फात ठेवा आणि १४ दिवसांत तपासून घ्या. पाणी उपसायचं तेही मिनिटाला १०० ते ५०० मिली, धसमुसळेपणा न करता. आणि जनरेटरमध्ये पेट्रोल ओतलेल्या हातांनी कुपीला शिवू नका. हसू नका, हे होतं.

सगळ्यात महाग पडते ती घाईची चूक. पाण्याची पातळी उतरते तसं पेट्रोलही खाली जातं आणि मातीच्या कणांना चिकटत जातं. पावसाळ्यात पाणी चढलं की ते चिकटलेलं पेट्रोल पाण्याखाली अडकतं. ऑगस्टमध्ये बोअरमधला थर नाहीसा झालेला दिसतो, सफाई झाली म्हणून बिलं निघतात, आणि एप्रिलमध्ये थर पुन्हा हजर. पाणी उपसून शुद्ध करण्याच्या पद्धतीतही हेच. पंप चालू असेपर्यंत आकडा घसरतो, पंप बंद केला की मातीतलं बेंझिन हळूहळू पाण्यात उतरतं आणि काही महिन्यांत आकडा वर. म्हणून पंप थांबवल्यावरही निदान वर्षभर, दर तीन महिन्यांनी, पाण्याच्या पातळीसकट नोंदी ठेवा. पातळीच्या वरच्या मातीतलं पेट्रोल वाफ ओढून काढावं लागतं. बेंझिन उडवून लावायला पाण्यात नुसती हवा सोडली आणि वाफ ओढायची सोय केली नाही, तर ती वाफ शेजारच्या तळघरात शिरते. तिथे एक ठिणगी पुरते.

फक्त बेंझिन तपासू नका. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला जवळपास निम्मं पाणी देणाऱ्या विहिरी बंद कराव्या लागल्या, त्या पेट्रोलमध्ये मिसळलेल्या एमटीबीई या रसायनामुळे. ते पाण्यात सहज विरघळतं, जिवाणू ते सावकाश खातात, म्हणून लांब पोचतं. आपल्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल आहे. जिवाणू आधी त्याच्यावर ताव मारतात, त्यात पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि बेंझिन एरवीपेक्षा लांब जातं. विरघळलेल्या प्राणवायूचीही नोंद ठेवा.

महाराष्ट्रातल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून जातं, नकाशावरच्या उताराचं ऐकेलच असं नाही. 'आमच्या विहिरीला वास येतो' म्हणणाऱ्या आजी नकाशात वरच्या अंगाला राहत असल्या तरी त्यांच्या विहिरीचा नमुना घ्या. आणि शेजारच्या विहिरीला वास नसला तरी तिचाही घ्या. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात बेंझिनची मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. नाकाला कळायच्या कितीतरी आधी ती ओलांडलेली असते.