कारखान्यातली आग शिकवताना या चुका टाळा

न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याची (शर्टवेस्ट म्हणजे बायकांचे ब्लाउज) आग शिकवायला घेतली की नवे शिक्षक पहिल्याच मिनिटाला फोटो लावतात. वर्ग सुन्न होतो आणि यांना वाटतं, धडा पोचला. सुन्न झालेली मुलं प्रश्न विचारत नाहीत. मी फळ्यावर फक्त तीन मजले काढते. आठव्यावर आग लागली, दहाव्याला फोन गेला, नवव्याला कुणी कळवलंच नाही. नवव्याचं एक दार कुलूपबंद, कारण सुटताना कामगार मुलींच्या पिशव्या एकाच दाराशी तपासायच्या. बंबाची शिडी पोचली सहाव्यापर्यंत. इथे खडू खाली ठेवायचा आणि गप्प बसायचं.

दुसरी चूक माझीच, कितीतरी वर्षांची. "25 मार्च 1911 ला आग लागली, 146 जण गेले, सरकारला जाग आली, कायदे झाले," असं मी एका दमात उरकायचे. मग एकदा सहामाहीचे पेपर तपासायला घेतले, तर अर्ध्या वर्गाने लिहिलेलं: 'आगीमुळे कामगारांना न्याय मिळाला.' कपाळाला हात लावला. कसला न्याय? त्याच डिसेंबरात दोन्ही मालक निर्दोष सुटले. दाराला कुलूप आहे हे त्यांना त्या वेळी ठाऊक होतं, हे ज्यूरीपुढे सिद्ध झालं नाही. 1914 मध्ये भरपाई ठरली, गेलेल्या माणसामागे 75 डॉलर. त्याआधी 1913 मध्ये त्या मालकांतल्या एकाने पुन्हा कामाच्या वेळेत दाराला कुलूप घातलं. दंड 20 डॉलर.

आता मी 1909 पासून सुरू करते. शर्टवेस्ट शिवणाऱ्या हजारो मुलींचा संप, आणि युनियनला मान्यता न देणारे हेच मालक. आगीनंतर चौकशी आयोग, साक्षी, कारखान्यांची पाहणी. ती आग डोळ्यांनी पाहिलेल्या फ्रान्सेस पर्किन्स आयोगासाठी राबल्या, 1933 मध्ये अमेरिकेच्या कामगारमंत्री झाल्या. याला दोन तास जास्त लागतात. घाई असेल त्यांनी हा धडा घेऊच नये.

दार लावून 'आता पळा' असला खेळ वर्गात नको. मुलं खिदळतात.

त्याऐवजी मी शाळेतली दारं मोजायला पाठवते. गेल्या खेपेला पोरं धावत आली, "बाई, मागच्या जिन्याला कुलूप!" किल्ली शिपाईमामांकडे, आणि मामा जेवायला गेलेले.