नवीन तलाठ्यांसाठी: पंचनाम्यातला 'कारण' रकाना आधी समजून घ्या

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, राष्ट्रीय प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, जिल्ह्याचे जिल्हाधिकारी, हे सगळं परीक्षेसाठी घोकलं असेलच. साझ्यावर, म्हणजे तुमच्या वाट्याच्या गावांत, त्यातलं एकच उपयोगी पडतं: निरोप कुठून कुठे जातो. एनडीआरएफ, म्हणजे केंद्राचं बचाव दल, सरपंचाच्या फोनवर येत नाही. तुम्ही तहसीलदारांना कळवायचं, त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांना, मग मंत्रालयातला नियंत्रण कक्ष, मग एनडीआरएफची पुण्याची पाचवी बटालियन. आपल्याकडे पूर्व विदर्भात नागपूरची एसडीआरएफ, राज्याचं बचाव दल, जवळ पडते. त्याच्याही आधी गावातले डोंगेवाले निघालेले असतात. त्यांचे नंबर पावसाळ्याआधी घेऊन ठेवा.

दिल्लीशी तुमचा खरा संबंध येतो पाणी ओसरल्यावर. राज्याच्या आपत्ती निधीत ७५ टक्के पैसा केंद्राचा, म्हणून कशाला किती द्यायचं हे केंद्राचे निकष ठरवतात. आपत्ती मोठी असेल तर राज्य केंद्राला निवेदन पाठवतं, केंद्राचं पथक बांधावर येतं. त्या निवेदनातले आकडे तुमच्या पंचनाम्यातूनच वर गेलेले असतात.

मी अडकलो तो कारणाच्या रकान्यात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला. पाणी वरचं होतं, मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं. गोसेखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडले आणि काठावरचं धान बुडालं. सवयीने सगळ्या यादीपुढे 'अतिवृष्टी' लिहिलं गेलं. अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात (काही साझे मिळून एक मंडळ) २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस, आणि आमच्या मंडळाच्या पर्जन्यमापकावर तेवढा नव्हताच. यादी परत आली. तिथे 'पूर' हवं होतं. पाऊस पडून पीक गेलं तर अतिवृष्टी, नदी-नाल्याचं पाणी वावरात शिरलं तर पूर. पुराला ६५ ची अट नाही. पुन्हा सांगतो, आकाशाकडे बघून कारण लिहू नका, पाणी कुठून आलं ते विचारा.

तसंच पीक आणि जमीन वेगवेगळी लिहा. एक म्हातारे कास्तकार म्हणाले, "धान त गेलंच जी, पण वावर बी गेलं ना!" बरोबर होतं त्यांचं. पिकाची मदत ३३ टक्के नुकसानीपासून सुरू होते; २०२२ ते २०२६ च्या केंद्रीय निकषांत कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००. जमिनीवर तीन इंचांपेक्षा जास्त गाळ-रेती बसली असेल तर ती काढायची मदत वेगळी. गाळात पट्टी उभी रोवा, आकडा दिसेल असा फोटो काढा. अंदाजाने 'गाळ साचला' लिहिलेलं टिकत नाही.

पानठेल्यावर बसून पंचनामे भरणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. व्हॉट्सॲपवरचा तयार नमुनाही नको, त्यात मागच्या गावाचं कारण तसंच राहतं. क्लासच्या सरांपेक्षा तुमचा कोतवाल मोठा गुरू. कोणाचा धुरा, म्हणजे बांध, कुठे संपतो हे त्याला सात-बाराशिवाय माहीत असतं.

घाबरून जाऊ नका. पहिल्या पावसाळ्यात सगळ्यांचीच धांदल उडते, आणि कृषी सहायक व ग्रामसेवक सोबत असतातच.

विजेचं मात्र लक्षात ठेवा. महाराष्ट्राने वीज कोसळणं आपत्तीत धरलेलं आहे. बैल दगावला तर लोक हळहळून लगेच पुरून टाकतात. आधी पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्यायला सांगा, नाहीतर फाइल तिथेच अडते.