सोलापूर ते तुळजापूर चालत, पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

दसरा झाला की आमच्या सोलापुरात घराघरात एकच विचारणं, यंदा तुळजाभवानीच्या दर्शनाला चालत कोण कोण निघणार. अंतर साधारण 45 किलोमीटर, अश्विनी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी निघालं की पहाटे नाहीतर सकाळी तुळजापूर. दरवर्षी लाखो लोक जातात आणि त्यात पहिल्यांदा निघालेले भरपूर असतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय कारण पहिल्या वर्षी मला हे कुणी नीट सांगितलं नव्हतं.

चालायचं नेमकं याच रात्री का, ते आधी समजून घ्या. दसऱ्याच्या पहाटे देवीचं सीमोल्लंघन होतं आणि मग आई पलंगावर झोपते. हिला श्रमनिद्रा म्हणतात, नऊ दिवस महिषासुराशी लढून दमलेली असते म्हणून. पलंग येतो अहिल्यानगरहून, पालखी बुऱ्हाणनगरहून. बहुतेक देवळांत मूळ मूर्ती जागची हलत नाही, पण इथं गंडकी शिळेची अष्टभुजा मूर्तीच सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. ही निद्रा संपते अश्विनी पौर्णिमेला, त्या पहाटे मूर्ती परत सिंहासनावर बसते. म्हणजे आपण रात्रभर चालतो तेव्हा आई झोपलेली असते आणि आपण पोचतो तेव्हा नुकतीच उठलेली असते. आजीनं हे सांगितलं तेव्हापासून मी वाटेत घाई करत नाही, तुम्हीपण करू नका.

तारीख मात्र नीट बघा. कोजागरी आणि अश्विनी पौर्णिमा कधी कधी दोन वेगळ्या दिवशी येतात, त्यामुळं घरच्या कॅलेंडरवर विसंबून न राहता देवस्थाननं जाहीर केलेला दिवस बघून त्याच्या आदल्या संध्याकाळी निघायचं.

तयारीचं म्हणाल तर सगळ्यात महत्त्वाचे पाय. नवीन चप्पल, नवीन बूट अजिबात नको. मी पहिल्या वर्षी नवी सँडल घालून गेले आणि तामलवाडीच्या पुढं दोन्ही टाचांना फोड आले, उरलेला रस्ता मैत्रिणीच्या खांद्यावर हात ठेवून काढला. महिनाभर वापरलेले, थोडे सैल बूट आणि सुती मोजे घाला, निघण्याआधी तळव्यांना आणि बोटांच्या मधे खोबरेल तेल लावा. नवस अनवाणी चालायचा असेल तर ऊन पूर्ण उतरल्यावरच निघा, डांबर संध्याकाळी उशिरापर्यंत तापलेलं असतं, आणि आधीचे पंधरा दिवस रोज थोडं अनवाणी चालून सवय करा.

पिशवी हलकी ठेवा. पाण्याची एक बाटली, कडक भाकरी आणि शेंगाचटणी (खराब होत नाही, चार घास खाल्ले की ताकद येते), लिंबू, मीठ-साखरेची पुडी, छोटी टॉर्च, एक पातळ चादर, कारण मध्यरात्रीनंतर माळावर गार वारा सुटतो. बीपी-शुगरच्या गोळ्या असतील तर त्या खिशात ठेवा, पिशवीत नको, पिशवी दुसऱ्याकडं जाते आणि तो पुढं निघून जातो. जेवणाची काळजी नको. उळे, तामलवाडी, माळुंब्रा असं करत सगळ्या वाटेवर लोक मांडव टाकून चहा, खिचडी, मसालेभात, केळी वाटत असतात, कुणी पायाला तेल चोळून देतं. पण म्हणून प्रत्येक मांडवात खाऊ नका, पोट जड झालं की चालवत नाही. आणि द्रोण-ग्लास रस्त्यावर टाकू नका, मागून अनवाणी माणसं येतायत.

आम्ही रूपाभवानीचं दर्शन घेऊन निघतो, शहरातलीच देवी, तिला सांगितल्याशिवाय पाऊल उचलत नाही. पहिले दहा किलोमीटर सगळे जोशात पळतात, तुम्ही सावकाश चला, तास-दीड तासानं पाच-दहा मिनिटं बसा, पण झोपू नका, झोपलात की पाय आखडतात आणि मग उठवत नाही. त्या रात्री मोठी वाहनं दुसऱ्या रस्त्यानं वळवतात तरी गाड्या पूर्ण बंद नसतात, म्हणून पोलिसांनी चालणाऱ्यांसाठी सोडलेली बाजू धरूनच चला. पोरं बरोबर असतील तर त्यांच्या खिशात घरचा नंबर लिहून ठेवा. वाटेत सोलापूरच्या शिवलाड समाजाच्या मानाच्या काठ्या दिसल्या तर बाजूला होऊन नमस्कार करा, पौर्णिमेच्या छबिन्यात, म्हणजे देवीच्या मिरवणुकीत, त्यांचा मान असतो.

शेवटी तुळजापूरचा घाट लागतो आणि इथं खरा कस लागतो. तोपर्यंत मांड्या भरून आलेल्या असतात आणि चढ संपता संपत नाही. इथं बोलणं बंद करून छोटी छोटी पावलं टाकायची, पुढून कुणीतरी "आई राजा उदो उदो" म्हणतं, मागून शंभर जण उत्तर देतात, आणि चढ कसा सरला कळत नाही.

तुळजापुरात पोचलात तरी पायांचं काम संपत नाही हे लक्षात ठेवा. मंदिर डोंगराच्या पोटात खाली आहे, महाद्वारातून आत गेलं की पायऱ्या उतरायच्या असतात, आणि दमलेल्या गुडघ्यांना उतार चढापेक्षा जास्त त्रास देतो, तेव्हा कठडा धरून उतरा. वाटेत कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ आहे, हातपाय धुवा. मग सिद्धिविनायकाला नमस्कार करून निंबाळकर दरवाजातून आत गेलं की समोर होमकुंड आणि आईचं मंदिर. रांगेत कित्येक तास जातात. पैसे भरून दर्शन घ्यायचं असेल तर संस्थानच्या काउंटरवरच पास घ्या, रस्त्यात "लगेच आत सोडतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. निद्राकाळात अभिषेक बंद असतात, त्यामुळं नवस अभिषेकाचा असेल तर वेगळा दिवस धरा. घरातल्या मोठ्यांना विचारून निघा की आपले पुजारी कोण, बऱ्याच घराण्यांचे पुजारी पिढ्यानपिढ्या ठरलेले असतात, त्यांच्याकडं टेकायला जागा पण मिळते.

ओटीचं सामान, म्हणजे खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, घरूनच नेलं तर बरं, गर्दीत दुकानासमोर उभं राहायची ताकद उरलेली नसते. कवड्यांची माळ तिथं घ्या, ती तिथलीच घ्यावी असं मला वाटतं. गाभाऱ्यासमोर दोन-तीन सेकंदच मिळतात, तेवढ्यात मागणं आठवत बसू नका, फक्त तोंडाकडं बघा. माझं तर दरवर्षी मागायचं राहून जातं आणि त्याचं वाईट वाटत नाही. बाहेर आल्यावर चिंतामणी नावाचा गोल दगड आहे, मनात प्रश्न धरून दोन्ही हात ठेवायचे, उजवीकडं वळला तर काम होणार, डावीकडं वळला तर नाही, जागीच राहिला तर उशीर लागणार असं मानतात. शिवाजी महाराज मोहिमेआधी इथं कौल घ्यायचे असं जुनी माणसं सांगतात.

येताना एसटीनंच या, रात्रभर जागलेल्या माणसानं गाडी चालवू नये. बायकांना अर्धं तिकीट आहे, 65 ते 75 वयाला अर्धं आणि 75 च्या पुढं फुकट, आजी-आजोबांचं आधारकार्ड विसरू नका. घरी आल्यावर कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसा, फोड फोडू नका, आणि दुसऱ्या दिवशी जिना चढायचं काम शक्यतो ठेवू नका.